पावशीचा विमानप्रवास

देवाजी निकुरे यांना विमानाचं तिकीट मिळालं ते एका शब्दामुळे. मुंबईच्या एका साप्ताहिकाच्या शब्दकोड्यात सूचना होती : 'हा रागावला तरी घरात कोणी दखल घेत नाही.' हजारो लोकांनी 'नोकर' लिहून पाठवलं. देवाजींनी सत्तावीस वर्षांच्या संसाराला स्मरून 'नवरा' लिहिलं, आणि ते एकटेच बरोबर निघाले. बक्षीस होतं नागपूर ते मुंबई विमानप्रवास, दोन माणसांचा, जाऊन-येऊन.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. चांदा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि सावली गावच्या जंगल खात्याच्या कचेरीत जुन्या राज्याचे छापील कागद अजून संपायचे होते. देवाजी त्या कचेरीत हेडक्लार्क. नियम म्हटला की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येई, ते दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पगाराच्या दिवशीही येत नसे. घरात मात्र या तेजाचा उपयोग शून्य. भाजीत मीठ किती पडावं याबद्दल सरकारनं काही परिपत्रक काढलेलं नव्हतं, आणि बाकी सगळं इंदिराबाईंच्या अखत्यारीत होतं.

तिकिटांच्या मागोमाग मुलीचं, कुंताचं, पत्र आलं. ती दोन वर्षांपूर्वी दादरला दिलेली. सासऱ्यांची साठी आहे, तुम्ही याच, असं लिहून खाली तिनं बारीक अक्षरात भर घातली होती : 'सासूबाई सारखं हसून म्हणतात, तुमच्याकडे जंगलात खातात तरी काय. मी काही बोलत नाही. आई, त्या दिवशी तू रोट्या करशील का?'

इंदिराबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं. 'मी काही बोलत नाही' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी पदरानं चष्मा पुसला. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन एकेक वस्तू काढून ओळीनं मांडू लागल्या. रोट्यांचा माठ, पितळी परात, रोटी उलथायचा सराटा, वरवंटा आणि पावशी.

आता रोट्यांचा माठ म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. चुलीवर मातीचं मडकं पालथं घालायचं. कणीक इतकी सैल मळायची की ती हातातून ओघळली पाहिजे. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणायचा, पातळ साडीच्या पदरासारखा, आणि त्या तापलेल्या मडक्यावर टाकायचा. हात थरथरला की रोटी चुलीत. इंदिराबाईंची रोटी चुलीत गेल्याचं सावलीत कोणाला आठवत नव्हतं.

"अवं, पण मुंबईले माठ भेटत नाई का?" देवाजी म्हणाले.

"मुंबईचा माठ पाणी थंड करासाठी असते. त्याले आगीची सवय नाई."

"आन पावशी? तिकडं इळ्या असतेत."

"दुसऱ्याच्या इळीवर मी बसत नाई."

पावशी म्हणजेच विळी. पण इंदिराबाईंची पावशी त्यांच्या माहेरची होती, तिचं पातं सावलीच्या लोहारानं तीनदा बदललं होतं आणि पाट दोनदा. तरीही ती तीच पावशी होती, आणि याबद्दल वाद घालण्याची हिंमत नियमांचा बाऊ करणाऱ्या देवाजींनाही नव्हती. ते निमूटपणे विमान कंपनीनं पाठवलेलं नियमांचं पत्रक उघडून लाल-निळी पेन्सिल घेऊन बसले.

माणशी चव्वेचाळीस पौंड सामान. ती मर्यादा चिन्नोर तांदूळ, जवसाची चटणी आणि साठीचं धोतर-लुगडं यांनीच ट्रंकेत पूर्ण केली. उरलं हातातलं सामान. त्याबद्दल पत्रकात छत्री होती, काठी होती, ओव्हरकोट होता, वाचायची पुस्तकं होती, तान्ह्या मुलाची टोपली होती. वरवंट्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

"उल्लेख नाई म्हंजे मनाई नाई," देवाजी म्हणाले.

बातमी गावभर झाली आणि सल्ले येऊ लागले. पहिले आले भैयाजी, जंगल खात्यातले निवृत्त नाकेदार. त्यांनी आयुष्यात सगळ्यात उंच चढाई केली ती मोहाच्या झाडावर, अस्वल खाली असताना. पण तेव्हापासून उंचीच्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

"देवाजीभाऊ, वर हवा पातळ असते. खालची हवा माठाच्या अंदर राहीन, बाहेर काईच नाई. मंग का होईन?"

"का होईन?"

"फुटन! फटाक्यावानी!"

"माठ पालथा असला तर?"

या प्रश्नाला उत्तर एकच, प्रयोग. वणवा पाहण्यासाठी खात्यानं गावाबाहेर उभारलेलं मचाण चाळीस फूट उंच होतं. रविवारी सकाळी भैयाजी वर चढले, खाली देवाजींनी माठाला दोरी बांधली आणि अर्धी सावली पाहायला जमली. माठ हळूहळू वर गेला. वीस फूट झाले, तीस झाले, फुटला नाही. मचाणाच्या टोकाला टेकला तरी अभंग. "देवाजीभाऊ, तुमी जितले!" असं ओरडून भैयाजींनी आनंदानं दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

दोरी त्याच हातांत होती.

इंदिराबाईंनी तुकडे गोळा केले आणि तीन दिवस देवाजींना जे काही वाढलं ते न बोलता वाढलं. मग त्या स्वतः कुंभाराकडे गेल्या, नवा माठ वाजवून वाजवून निवडला आणि चार दिवस रोज चुलीवर घालून त्याला आगीची सवय लावली.

या नव्या माठाच्या संरक्षणाची जबाबदारी समोरचे इनायतभाई टेलर यांनी आपणहून घेतली. "भाभी, फिकर नको. मी खोळ शिवून देतो. कापसाची. घोड्यावरून पडला तरी आवाज यायचा नाई." त्यांनी तीन दिवस मेहनत करून खोळ शिवली. त्यांच्याकडे उरलेला कपडा होता गुलाबी, फुलाफुलांचा. वरच्या बाजूला तोंड बांधायला त्यांनी झालरीची टोपी केली, नाडी लावली, आणि त्यांची बायको नजमा हिनं कौतुकानं कडेला जरीची फीत टाकली. माठ आत गेला, नाडी ओढली, आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. इंदिराबाईंच्या मांडीवर एक चांगलं बाळसेदार मूल झोपलेलं दिसत होतं.

"इनायतभाई," देवाजी गंभीरपणे म्हणाले, "मी सरकारी नोकर आहो. वय बावन."

"तो क्या हुआ भाऊ? अल्ला देतो तेव्हा वय पाहत नाई."

मूल गावाहून छोट्या रेल्वेत बसल्यापासून देवाजींच्या अब्रूची जी परवड सुरू झाली ती नागपूरपर्यंत थांबली नाही. नागभीडला चढलेल्या एका बाईनं बाळाला निजवायला सरकून जागा दिली. सिंदेवाहीपासून जे डोळे लावून बसले होते, त्यांना राहवेना. लेकरू किती गुणी आहे, जरासुद्धा रडत नाही, असं एकानं म्हटलं. दुसऱ्यानं बाप की आजा, असं विचारलं. देवाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. गाडीला हिसका बसला, तशी परात वरच्या फळीवरून सरकली आणि माठावर आपटून 'ठण्ण' असा आवाज झाला.

डब्यातल्या सगळ्यांच्या माना खोळीकडे वळल्या. मग ती नागभीडची बाई हळूच म्हणाली, "अवं बाई, याचं डोस्कं दाखवून घ्या डाक्टरले."

इंदिराबाईंनी खोळीत हात घालून माठ चाचपला. शाबूत होता. त्यांना हसू फुटलं ते बुटीबोरीपर्यंत जाऊ शकलं असतं, पण नागपूर आधी आलं.

विमानतळावर टाय लावलेले एक अधिकारी वजनकाट्याशी उभे होते. नाव राजाध्यक्ष. बदली होऊन चारच दिवस झालेले, त्यामुळे कडक. त्यांनी ट्रंक तोलली, मान हलवली आणि इंदिराबाईंच्या कडेवर नजर टाकली.

"बाळाचं तिकीट?"

इथे देवाजींना एक क्षण मोह झाला. हो म्हटलं असतं तर पत्रकातली 'तान्ह्या मुलाची टोपली' लागू पडली असती. पण सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केलेली नव्हती.

"बाळ नोहे जी. माठ आहे."

राजाध्यक्षांनी खोळीची टोपी वर केली. खाली मातीचं गोल बूड दिसलं. त्यांनी टोपी परत खाली केली, सभ्य माणूस जसा दुसऱ्याच्या दुःखावरून नजर काढतो तशी. मग पिशवीतून परात निघाली, सराटा निघाला, वरवंटा निघाला, जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. काट्यावर चौतीस पौंड भरले.

"हे जाणार नाही," राजाध्यक्ष म्हणाले. "विमान म्हणजे बैलगाडी नव्हे. त्याच्या वजनाचा हिशोब आधी केलेला असतो."

"कसा करता?" देवाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं होतं. इंदिराबाईंनी ते ओळखलं. कचेरीत एखादी जुनी फाइल सापडली की घरी येऊन ते याच आवाजात बोलत.

"प्रत्येक उतारू सरासरी एकशे साठ पौंडांचा धरतात. अधिक सामान. ते ठरलेलं असतं."

"एकशे साठ. म्हंजे आमी दोघं मिळून तीनशे वीस?"

"अर्थात."

देवाजींनी छत्री भिंतीला टेकवली, जोडे काढले आणि आजूबाजूच्या बावीस उतारूंसमोर काट्यावर उभे राहिले. काटा एकशे सहावर थांबला. रांगेतला एक जाडजूड व्यापारी खो खो हसला. देवाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुंताची माय, ये."

"मी का धानाचं पोतं हाओ?"

"ये म्हणतो ना."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा 'ये म्हणतो ना' ऐकून इंदिराबाई चकित होऊन काट्यावर चढल्या. एकशे अठरा.

"एकशे सहा आन एकशे अठरा, दोनशे चोवीस," देवाजी म्हणाले. "तुमच्या कागदावर आमी तीनशे वीस आहो. म्हंजे शहाण्णव पौंड तुमी आमच्या नावानं मांडले, आन ते इथी नाईतच. त्यातले मी फक्त चौतीस मागून राह्यलो. बाकीचे बासष्ट या शेटजीले द्या, त्याईले गरज आहे."

रांग हसली. यावेळी व्यापारी हसला नाही. राजाध्यक्षांनी पेन्सिल काढली, बेरीज केली, वजाबाकी केली, पुन्हा बेरीज केली. नियमात अशी तरतूद नव्हती. पण नियमाविरुद्ध असंही काही नव्हतं. आणि या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद जागेत देवाजींनी आपलं आयुष्य काढलेलं होतं. तिथे त्यांना हरवणं कठीण होतं.

"ठीक आहे," राजाध्यक्ष शेवटी म्हणाले. "पण त्या धोतरात काय गुंडाळलंय?"

धोतर सुटलं आणि पावशी बाहेर आली. चकचकीत पातं, टोकाला खोबरं खवण्याचे दात. राजाध्यक्षांचा चेहरा उजळला. हरत आलेल्या माणसाला हुकमाचं पान सापडावं तसा.

"शस्त्र! कलम नववं. धारदार शस्त्र उतारूंच्या कक्षात नेता येत नाही. हे इथेच राहील."

देवाजींनी पत्रक उघडलं. कलम नववं खरोखरच होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली. त्यांचे खांदे पडले. "हाव," ते पुटपुटले. "आहे खरं."

तेव्हा इंदिराबाई पुढे झाल्या. त्यांनी माठ देवाजींच्या हातात दिला, पावशी उचलली आणि विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ठेवून तिच्या पाटावर पाय रोवून बसल्या. शिदोरीतून एक कांदा काढला.

"साहेब, तुमी का म्हणता? यानं माणूस मरते?"

"अहो बाई, उठा, असं इथे—"

"पाहा तं खरं. मले कोणाले मारायचं असन तं पयले खाली बसा लागते. लुगडं सावरा लागते. पाय असा ठेवा लागते." चरचर करत कांद्याचे दोन भाग झाले. "आन पातं तं हालतच नाई. ज्याले मरायचं आहे त्यानं आपली मान घेऊन सोता इथी याव लागते. आन अशी पुढं-मागं कराव लागते. कोण येते, सांगा? तुमी येता?"

राजाध्यक्ष नकळत एक पाऊल मागे सरले. रांगेतल्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसायला सुरुवात केली. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कांद्यानं की हसण्यानं ते कळेना. एवढ्यात इतका वेळ का लागतोय ते पाहायला विमानाचा कप्तान आत आला, उंच, पंजाबी. त्यानं फरशीवर बसलेल्या बाई पाहिल्या, बारीक चिरलेला कांदा पाहिला, गुलाबी झालरीतलं मडकं छातीशी धरून उभे असलेले देवाजी पाहिले.

"क्या हो रहा है?"

राजाध्यक्षांनी सांगितलं. देवाजींनीही सांगितलं. पण कप्तानाचं लक्ष माठाकडे होतं. "माताजी, इस पर रोटी बनती है?"

"हाव बेटा. इतनी लांबी." इंदिराबाईंनी बसल्याबसल्या कोपरापर्यंत हात पसरून दाखवला.

कप्तान त्या पसरलेल्या हाताकडे पाहत राहिला. घर सोडून बरीच वर्षं झालेली असावीत. मग तो राजाध्यक्षांकडे वळला. "कलम नौ मैं जानता हूँ. हथियार मुसाफ़िर के पास नहीं रहेगा, कप्तान के पास रहेगा. लाइए."

देवाजींनी घाईघाईनं कलम पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीत, अगदी बारीक टाइपात, ते होतं. आपल्या नजरेतून नियमाची एक ओळ निसटली, याचं त्यांना आयुष्यभर वाईट वाटत राहिलं. पण त्या क्षणी मात्र त्यांचा ऊर भरून आला. कप्तान पावशी हातात धरून विमानाकडे चालला, मागे सराटा आणि परात घेऊन इंदिराबाई, त्यांच्या मागे माठ कडेवर घेतलेले देवाजी, आणि सगळ्यात शेवटी वरवंटा घेऊन स्वतः राजाध्यक्ष. तो कोणी त्यांच्या हातात दिला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

विमान उडालं तेव्हा देवाजींनी डोळे मिटून माठाला कवटाळलं. भैयाजींची पातळ हवा त्यांच्या मनातून गेली नव्हती. हवाईसुंदरी वाकून म्हणाली, "बेबी के लिए दूध?"

"याले दूध नाई लागत," डोळे न उघडता देवाजी म्हणाले. "याले आग लागते."

त्यानंतर मुंबई येईपर्यंत ती त्यांच्या बाजूला फिरकली नाही. माठ काही फुटला नाही.

दादरच्या त्या इमारतीच्या गच्चीवर साठीचा मांडव होता. कुंताच्या सासूबाई ठसठशीत, कामसू आणि बोलण्यात फटकळ. सामान पाहून त्या म्हणाल्या, "अगं बाई, एवढं सगळं घेऊन आलात? आमच्याकडे भांडी आहेत हो." कुंता बाजूला उभी होती. तिनं आईकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. दोन वर्षांत ती बारीक झाली होती, आणि कमी बोलायला शिकली होती.

इंदिराबाई सरळ कामाला लागल्या. गच्चीच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, कोळसे पेटवले, माठ पालथा घातला. सासूबाईंच्या पाट्यावर, पण आपल्याच वरवंट्यानं, रोटीबरोबर खायचं पुरण वाटलं. कणीक परातीत आपटून आपटून मळली, तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. पहिली रोटी त्यांच्या हातांवर लांबत लांबत कोपरापर्यंत गेली, तेव्हा मांडवातलं बोलणं थांबलं. ती हवेतून माठावर पडली तेव्हा कोणीतरी 'अहाहा' म्हणालं. आचाऱ्याची जिलबी तशीच पडून राहिली. पंगत उठून कोपऱ्यात येऊन उभी राहिली, हातात ताटं घेऊन. सासरे, ज्यांची साठी, ते सगळ्यांत पुढे. देवाजी त्यांच्या शेजारी उभे राहून कलम नऊ समजावून सांगत होते, आणि व्याही प्रत्येक घासाला "वा! मग?" म्हणत होते. तो प्रश्न देवाजींना आहे की रोटीला, हे विचारायची गरज देवाजींना वाटली नाही.

दुपार कलती झाली तेव्हा सासूबाई पदर खोचून आल्या आणि इंदिराबाईंच्या शेजारी खाली बसल्या. "विहीणबाई, मला जमेल का हो?"

"काऊन नाई जमणार? हात मोकळा सोडा."

पहिला गोळा कोळशात गेला. दुसरा माठावर गेला, पण अर्धा सासूबाईंच्या मनगटाला लोंबत राहिला. मंडळी पोट धरून हसली, आणि सगळ्यांत जास्त सासूबाईच हसल्या. कपाळावर कणीक, कोपरापर्यंत कणीक. तिसरी रोटी वाकडीतिकडी का होईना, पडली आणि भाजली. ती त्यांनी कोणाला दिली नाही. तिथेच बसून, फुंकर घालत, स्वतःच खाल्ली.

मग बोटं चाटत त्या सुनेकडे वळल्या. "कुंता, दोन वर्षं झाली तुला या घरात. एवढं तुमच्याकडे असतं, आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

कुंता आईच्या मागे उभी होती. तिनं एकदा सासूबाईंच्या कणकेनं माखलेल्या हातांकडे पाहिलं.

"तुमी मले कधी इचारलंच नाई," ती म्हणाली.

देवाजींचं कलम नऊ मध्येच थांबलं. सासूबाईंनी सुनेकडे टक लावून पाहिलं, जणू घरात कोणी नवीन माणूस आलं असावं. मग त्यांनी बाजूला सरकून माठापुढे हातभर जागा केली.

"बरं, आता विचारते," त्या म्हणाल्या. "बस इथे. आणि माझी रोटी मघासारखी वाकडी होऊ देऊ नकोस."

कुंतानं पैठणीचा पदर खोचला, परातीत हात घातला, आणि इंदिराबाईंनी उठून तिला जागा दिली.